मे महिन्यातला हीटर

भर मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, घोडबंदर रोडवर काचा खाली करून आणि हीटर फुल्ल लावून चाललेली गाडी दिसली तर हसू नका. ती आमची आहे. गायमुखच्या चढावर ट्रकमागे मुंगीच्या पावलांनी सरकताना समोरून वारा लागत नाही. रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर, आणि टेम्परेचरचा काटा चढायला लागतो. मग हीटर लावायचा. इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर घ्यायची, तेवढाच त्याला दिलासा. वसईला बहिणीकडे पोचलो की ती आधी टॉवेल देते, मग पाणी.

गाडी २०१० सालची, एमएच ०४. पंधरा वर्षं भरली तेव्हाच खरं तर निकाल लागायचा. पण मी रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करून घेतलं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झालेली, वर पर्यावरण कर. भरला. पाच वर्षं वाढवून मिळाली आणि तिथेच फसलो. पैसे मोजून घेतलेली वर्षं वाया कशी घालवायची?

जुनी गाडी एकदम मोठी रक्कम कधीच मागत नाही. आधी बॅटरी, मग क्लचप्लेट, मग सस्पेन्शनचे बुश. (खड्ड्यांबद्दल बोलत नाही, मला ठाण्यातच राहायचंय.) आणि टाकलेला प्रत्येक नवा पार्ट पुढच्या खर्चाची वकिली करतो. टायर तर आत्ताच बदललेत, आता कुठे विकता? बायको म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अगदी खरं आहे. पण मसाला घालून झाल्यावर कोंबडी फेकायची का, याचं उत्तर तिच्याकडेही नाही.

या वेळचं दुखणं मात्र मसाल्यात भागणारं नव्हतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी व्हायचं आणि गाडीखाली एक थेंब सापडायचा नाही. वर्तकनगरच्या मेकॅनिकने कूलंटच्या टाकीचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं. आत बुडबुडे येत होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर.

"काका, हेड गॅस्केट गेलंय. कूलंट आतल्या आत जळतंय."

"म्हणजे?"

"हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्याखालचं सील गेलंय. हेड उतरवायला लागेल. गरम होऊन वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करायचं. बावीस हजार धरून चला. उघडल्यावर आणखी काही निघालं तर ते वेगळं."

त्या 'उघडल्यावर'ची मला भीती वाटते. माणसाचं काय, गाडीचं काय, उघडल्यावर नेहमी काहीतरी निघतंच. शेजारच्या एजंटने आहे त्या स्थितीत पंचेचाळीस हजार देऊ केलेत, तेही गाडीकडे न बघता, टायरकडे बघून.

बावीस आणि पंचेचाळीस. तिसरीतल्या मुलालाही जमेल असं गणित, आणि मी तीन दिवस कागदावर मांडतोय. गाडी गॅरेजमध्ये, हेड जागेवर.

शेवटी बहिणीला फोन केला. म्हटलं, या रविवारी तुम्हीच या.

"का रे दादा, गाडी बंद पडली?"

"बंद नाही. विचार चाललाय."

"कुणाचा? तुझा की तिचा?"