आमची वाटचाल : विरजणाचा स्पंज

२००४ साली सांगलीत मारुती चौकाजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही शोभेच्या माशांचं दुकान उघडलं. मुंबईहून, कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून आठवड्याला मासे यायचे. काचा आम्हीच सिलिकॉननं जोडायचो. ग्राहकाच्या घरी जाऊन टाकी मांडायची, पाणी भरायचं, क्लोरीन मारायला हायपोचे दोन खडे टाकायचे आणि त्याच संध्याकाळी मासे सोडून परत यायचं, असा आमचा क्रम होता. आठ-दहा दिवसांनी तोच ग्राहक दारात उभा राहायचा. मासे गेले म्हणायचा. आम्ही म्हणायचो, पाणी मानवलं नसेल. आणि नवे मासे द्यायचो.

उधारीची वही माझी पत्नी लिहायची. टाकी कधी बसवली आणि तक्रार कधी आली, हे तिनं समोरासमोर मांडलं. बहुतेक सगळ्या तक्रारी चौथ्या ते पंधराव्या दिवसातल्या होत्या. महिना ओलांडलेल्या टाकीतून क्वचितच कोणी यायचं. मासा खराब असता तर असा हिशोब जुळला नसता. खोट आमच्या घाईत होती.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विष, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. आपोआप जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्यात मासे आपल्याच घाणीनं मरतात. आजही कितीतरी लोक चांगल्या टाकीतलं जुनं पाणी बादलीभर मागायला येतात. त्याचा उपयोग नाही. जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजाला, खड्यांना, सिरॅमिकच्या नळ्यांना चिकटून राहतात. न्यायचाच असेल तर चालू फिल्टरमधला स्पंज न्यायचा.

तसं आम्ही करू लागलो. एका आजींना हे समजावत होतो, त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे विरजणच की!" तेव्हापासून आमच्या दुकानात त्याला विरजणाचा स्पंजच म्हणतात. फक्त एक फरक मी प्रत्येकाला सांगतो. दह्याचे जिवाणू भराभर वाढतात, म्हणून चमचाभर विरजण रात्रीत पातेलं लावतं. हे जिवाणू दुप्पट व्हायलाच एक दिवस घेतात, कधी त्याहून जास्त. चमचाभर इथे पुरत नाही. अख्खा स्पंज द्यावा लागतो, आणि तो जेवढ्या माशांची घाण पचवत होता तेवढीच नव्या घरी पचवतो. दोन फुटी टाकीत सात-आठ गप्पी सोडा, वीस गोल्डफिश नकोत.

शिकताना मासेही मेले. भारनियमनाच्या दिवसांत एका रात्री सहा तास वीज नव्हती. सकाळी मोठ्या, डब्यासारख्या झाकणबंद फिल्टरमध्ये वाहतं पाणी नसल्यामुळे आतला प्राणवायू संपून गेला होता. मी तो न उघडता चालू केला. सडक्या अंड्याचा वास आला, पण तोवर ते पाणी टाकीत गेलं होतं. या जिवाणूंना हवा लागतेच. म्हणून आता स्पंज ग्राहकाला देताना माशासारखाच देतो : पिशवीत टाकीचं थोडं पाणी, बाकी हवा, आणि घरी जाऊन लगेच बसवा अशी तंबी. नळाखाली धुऊ नका, क्लोरीन त्यांनाही मारतो. घाण झालाच तर टाकीतल्याच पाण्यात हलक्या हातानं पिळा.

त्याहून वाईट चूक पुढच्या वर्षी झाली. विक्रीच्या टाकीतले स्पंज आम्ही देत होतो. त्यातून एका घरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग गेला. जुन्या, सुदृढ टाकीतल्या अकरा मॉली आमच्या स्पंजामुळे मेल्या. पैसे परत केले, पण ते काका पुन्हा दुकानात आले नाहीत.

तेव्हा ठरवलं, स्पंजाची टाकी वेगळी असेल आणि तिच्यात एकही मासा नसेल. मासा नसेल तर त्या रोगाचा जंतू फार दिवस तग धरत नाही. पण मग जिवाणूंना खाऊ काय घालायचं? उत्तर शेजारच्या गल्लीत होतं. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. पहिले काही दिवस त्याच्याकडूनच आणला. पुढे शुद्धतेची खात्री हवी म्हणून प्रयोगशाळेचं रसायन विकणाऱ्याकडून घेऊ लागलो. शंभर लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅम. चोवीस तासांनी थेंबांच्या किटनं तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच स्पंज विकायचा. हा नियम आम्ही मोडलेला नाही, गणपतीच्या गर्दीतही नाही. त्या टाकीला बॅटरीवर चालणारा एअर पंपही जोडला. ग्राहकानं पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाणी तपासायचं, आकडा चढला तर पाव टाकी पाणी बदलायचं आणि खाणं चिमटीभरच द्यायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. आमचा गाळा छतापर्यंत बुडाला. मासे, काचा, स्पंजाची टाकी, पंधरा वर्षांचं सगळं गेलं. गाळ उपसून काचा बसवल्या, पण नवं विरजण शून्यातून तयार करायला दीड महिना लागणार होता आणि हातात दीड महिना नव्हता.

पत्नीची वही घरी होती. तिनं विश्रामबाग, मिरज, कुपवाडच्या ग्राहकांना एकेक फोन लावला. आम्ही दिलेला स्पंज अजून चालू आहे का, असेल तर अर्धा कापून द्याल का? अर्धाच मागितला, कारण अख्खा काढला तर त्यांचे मासे धोक्यात. तीन दिवसांत चौदा तुकडे आले. पिशवीत थोडं पाणी, बाकी हवा, जसं आम्ही शिकवलं होतं तसंच. मिरजेच्या एका दवाखान्यातला तुकडा २०११ साली दिलेल्या स्पंजाचा होता, आमच्या लाल दोऱ्याची गाठ तशीच होती.

नवव्या दिवशी नवसागर घातला, दहाव्या दिवशी थेंब पिवळा राहिला, म्हणजे अमोनिया शून्य. नायट्राइटही शून्य. त्या संध्याकाळी कुर्ल्याला फोन करून पहिली पेटी मागवली. लाल दोऱ्याचा तो तुकडा आजही आमच्या स्पंजाच्या टाकीत डाव्या कोपऱ्यात आहे, आणि नवे स्पंज आम्ही त्याच्याच बाजूला लावतो.