राजाची खोली की कोठडी?

"आई, राजा इथे राहायचा, की त्याला इथे कोंडून ठेवलं होतं?"

व्हँसेनच्या किल्ल्यातल्या मुख्य बुरुजात लेकीने हे विचारलं आणि दिवसभर ते डोक्यातून गेलंच नाही.

पॅरिसच्या अगदी कडेला, मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनचं शेवटचं स्टेशन. वर आलं की समोरच किल्ला. बुरुज जवळजवळ 50 मीटर उंच, भिंती तीन मीटरहून जाड. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स 1338 मध्ये व्हँसेनलाच जन्मला. इंग्रजांशी शंभर वर्षांचं युद्ध चालू असताना त्याने हा बुरुज पुरा करून घेतला. पुस्तकांचा वेडा राजा. जिथे शत्रू पोचणार नाही, तिथेच त्याला निवांत बसता येत असावं.

पुढे राजे निघून गेले आणि त्याच भिंतींचा तुरुंग झाला. 1749 मध्ये फ्रेंच लेखक दिदरोला त्याच्या लिखाणासाठी इथे डांबलं. त्याचा मित्र, तत्त्वज्ञ रूसो त्याला भेटायला पॅरिसहून चालत यायचा.

मी एका कोनाड्यात हात घालून पाहिला. खांद्यापर्यंत आत गेला, तरी पलीकडची खिडकी लांबच. उन्हाची एक पट्टी तेवढी आत येत होती. राजानेही हीच पट्टी पाहिली असेल आणि कैद्यानेही.

बदललं काय? फक्त दाराची कडी आतून लावायची की बाहेरून, एवढंच. मला तरी दुसरा फरक सापडला नाही.

लेकीला मी म्हटलं, "दोन्ही."

तुम्ही काय सांगितलं असतं?