जिमला, शुभेच्छांसह

आमच्या तळघराच्या भिंतीवर नऊ फोटो आहेत. आठ बाय दहा इंची, बहुतेक कृष्णधवल, सगळे बाप्ये गंभीर. पहिल्यांदा आलेले पाहुणे हमखास विचारतात, "हे तुमच्या कंपनीतले साहेब का?" अमेरिकन फुटबॉलचे जुने कोच आहेत, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: खेळाडू सोडून कोच कशाला?

मिनेसोटातला हिवाळा काही केल्या संपत नाही, त्यामुळे माणसाला काहीतरी छंद लागतोच. कुणी भजनी मंडळ काढतं, कुणी घरात दिवे टांगून कढीपत्ता जगवतं. मला कोचांचे सही केलेले फोटो जमवायचं वेड लागलं. कोचच का, तर त्यांची सही वाचता येते. हल्लीच्या खेळाडूंची सही म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीचा शेवट. टॉम लँड्री घ्या. डॅलस काउबॉइज या संघाचे सलग २९ हंगाम कोच, मैदानाच्या कडेला कोट, टाय आणि हॅट. शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं, आणि सही आराखड्याच्या कोपऱ्यात करावी तशी. विन्स लोम्बार्डी तर न्यू जर्सीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि लॅटिन शिकवायचे. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याला आज त्यांच्या नावाचा चषक मिळतो, पण मूळ माणूस मास्तर. त्यांची सही माझ्याकडे नाही. ते १९७० साली, ५७व्या वर्षी गेले. सह्या मोजक्या, मागणी अफाट, त्यामुळे बाजारात नकलांचा सुळसुळाट.

नकलांमधलं मला थोडं कळतं. सहावीत गणितात बत्तीस मिळाले तेव्हा बाबांच्या सहीचा एक जुना कागद प्रगतिपुस्तकाच्या पानाखाली धरून, खिडकीच्या काचेला टेकवून, मी ती गिरवली होती. बाईंनी एका नजरेत पकडलं. सही फार चांगली आली होती. बाबांची खरी सही घाईत असायची, शेवटची वेलांटी कधी वर, कधी भलतीकडेच. माझी जपून चालत होती, चिखलातून चप्पल हातात घेऊन चालावं तशी.

तेच ज्ञान अजून पुरतं. टेबललॅम्प खाली करून फोटो तिरपा धरला की ग्लॉसी कागदावर बॉलपेनचा चर दिसतो. खरा हात सुरुवातीला दाबतो आणि शेवटी सुटतो. गिरवणारा मध्येच दबकतो, तिथं शाईचा ठिपका राहतो. शार्पी मार्कर १९६४चा, म्हणजे त्याआधी वारलेल्या माणसाची शार्पीतली सही दिसली तर दुकानाबाहेर पडावं. सगळ्यात वाईट ती यंत्राची सही. एका नामांकित कोचचे दोन फोटो माझ्याकडे होते, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले. एकदा दोन्ही सह्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर एकीवर एक धरल्या. बाहेर बर्फाचा लखलखाट. केसाचाही फरक नाही. नाव सांगत नाही. हजारो पत्रांना बिचारा किती पुरा पडणार. पण त्या काचेपाशी मला बाई आठवल्या.

त्यानंतर मी 'जिम'चे फोटो घ्यायला लागलो. म्हणजे ज्यावर कुणा दुसऱ्याचं नाव आहे असे: जिमला शुभेच्छा, बेटीला सप्रेम. ते स्वस्त पडतात, कारण दुसऱ्याच्या नावाचं कुणाला नको असतं. आणि मजकूर जास्त, म्हणजे अक्षर ताडून पाहायलाही जास्त. बायको म्हणते, "आपल्या घरात आपल्यापेक्षा जिमलाच मान जास्त आहे."

नवव्या फोटोवर मात्र कुणाचंच नाव नाही. तो बड ग्रँट यांचा. मिनेसोटा व्हायकिंग्सना चार सुपर बोलपर्यंत नेलं आणि चारही हरले, तरी इथं त्यांच्याबद्दल वावगं बोललेलं खपत नाही. ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानात (तिथं आता मॉल ऑफ अमेरिका आहे) ते खेळाडूंना शेगडीसुद्धा लावू देत नसत. २०१६च्या जानेवारीत, ८८व्या वर्षी, उणे २१ सेल्सिअसमध्ये व्हायकिंग्सच्या सामन्याच्या नाणेफेकीला आले ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. आम्ही टीव्हीपुढे रजईत होतो.

हा एवढा मोठा माणूस म्हातारपणी घरासमोर गॅरेज सेल मांडायचा. शिकारीचं सामान, मासेमारीचं सामान, आणि वर सह्या. एका सेलला मी फोटो घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढच्या काकांनी तीन नातवंडांची नावं घालून घेतली, एकेक स्पेलिंग सांगत. माझा नंबर आला. नाव घातलं की किंमत उतरते, हे तोपर्यंत डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हणालो, "फक्त सही." आठ अक्षरं, सगळी वाचता येणारी. ते २०२३ च्या मार्चमध्ये गेले.

फोटो विकायचा माझा विचार कधीच नव्हता. सहीच्या वर दीड बोट जागा कोरी आहे. माझं नाव मावलं असतं, आडनावासकट.