दीपगृहाच्या अलीकडे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या प्रवासवर्णनात गावाचं नाव येणार नाही. गाव समुद्रकाठचं आहे, एका टोकाला दीपगृह आहे, आम्ही तिथे चार दिवस राहिलो. पण नाव दिलं की लोक विचारणार, ते अमुक पाहिलंत का, तिकडे तमुक ठिकाणी गेला होतात का. नाही हो. कुठेच गेलो नाही. ज्याने गावातली एक गटाराची जाळी सोडून काहीच नीट पाहिलं नाही, त्याने गावाचं नाव घेऊन मिरवू नये.

चिऊ तेव्हा २२ महिन्यांची होती. निघायच्या आधी भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता: "एवढ्याशा पोरीला नेताय? तिला काय आठवणार?" ऑफिसात विचारलं, जिन्यात विचारलं, आणि आमच्याबरोबर येणाऱ्या आईनेही विचारलं, स्वतःची पिशवी भरता भरता. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होतो, कारण खरं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आम्हा नवरा-बायकोलाच घराबाहेर पडायचं होतं. दुसरं कारण बायकोने शोधून काढलं होतं. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल विमानात मांडीवर बसून जाऊ शकतं. वय मोजतात ते प्रवासाच्या तारखेला, तिकीट काढल्याच्या नाही. म्हणजे जाताना दोनच्या आत आणि परत येताना दोनच्या वर असं झालं, तर परतीला मुलाची वेगळी जागा घ्यावी लागते. "पुढच्या महिन्यात नाही, याच महिन्यात," ती म्हणाली. आमच्या सहलीचा मुहूर्त असा निघाला.

तिला काय आठवणार, या प्रश्नावर मात्र मी रात्री वाचत बसलो. बालपणाच्या या विस्मरणाबद्दल फ्रॉइडने १९०५ साली लिहून ठेवलंय. मोठ्या माणसांना आठवणारी पहिली गोष्ट सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं सगळं कोरं. म्हणजे जिन्यातल्या काकूंचं बरोबरच होतं. मग अमेरिकेतल्या कॅरोलिन रोव्ही-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंचे प्रयोग सापडले. त्यांनी दीड वर्षांच्या मुलांना एक कळ दाबली की खेळण्यातली आगगाडी धावते हे शिकवलं, आणि नंतर वेगवेगळ्या अंतराने तीच गाडी पुन्हा समोर ठेवली. मुलांना ती कळ १३ आठवडे लक्षात राहिली. तीन महिने! मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "डायपर किती घेतलेस?"

विमानतळावर पहिली धास्ती दुधाच्या बाटलीची होती. २००६ पासून बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, पण बाळाच्या दुधाला त्यातून सूट असते. एवढंच, की ते आधी बाहेर काढून दाखवावं. मी ते सगळ्यात तळाशी ठेवलं होतं. पुढची दहा मिनिटं आमचा संसार त्या ट्रेमध्ये उघड्यावर मांडला होता, त्यात आईची जपमाळ आणि माझा एक मोजा.

दूध सांभाळून आणलं होतं ते कानांसाठी. विमान वर जाताना कानाच्या पडद्याआडची हवा आपोआप बाहेर निघते. खाली येताना ती आत शिरावी लागते, आणि कान आणि घसा जोडणारी नळी गिळताना किंवा जांभई देताना उघडते. लहान मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, म्हणून त्यांना उतरताना त्रास होतो. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी होते. तेव्हा बाटली तोंडात द्यायची, असा बेत होता. चिऊने विमान जागचं हलायच्या आत बाटली रिकामी केली आणि झोपून गेली.

उठवायचं की नाही यावर आमचं दबक्या आवाजात भांडण झालं. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून उठवावं, असं माझं म्हणणं. झोपलेल्या मुलाला उठवणारा माणूस तिने आजवर पाहिला नाही, असं बायकोचं म्हणणं. शेवटी मी उठवलं. पुढची वीस मिनिटं तिने अख्ख्या विमानाला आपलं मत ऐकवलं. आई शांतपणे खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रडू दे रे. रडण्याने कान मोकळे होतात." हे ती कुठेही वाचून म्हणाली नव्हती, आणि ते बरोबर होतं.

आणि मग आम्ही या सहलीतल्या सर्वांत प्रेक्षणीय स्थळी पोहोचलो. बॅगांचा पट्टा.

मी आयुष्यात अनेकदा या पट्ट्यापाशी उभा राहिलोय, पण तो पाहिला पहिल्यांदाच. भिंतीला एक भोक. त्यावर काळ्या रबराच्या झिरमिळ्या. त्यातून एक बॅग डोकं बाहेर काढते, सगळ्यांसमोरून मिरवत जाते आणि दुसऱ्या भोकातल्या झिरमिळ्यांमागे नाहीशी होते. चिऊचा श्वास अडकला. "गेली." दोन मिनिटांनी तीच निळी बॅग पहिल्या भोकातून पुन्हा आली. "आली!" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रकार मला माहीत होता आणि मी तिला इतके महिने सांगितला नाही. डोळ्यांआड गेलेली वस्तू जगातून नाहीशी होत नसते, हे मूल पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात शिकू लागतं, असं बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलं. पण ती भिंतीमागून जाऊन दुसऱ्या बाजूने निघते, हे पुढचं प्रकरण आहे आणि ते आमच्यापुढे चालू होतं. आमची लाल बॅग आली तेव्हा मी ती उचलायला वाकलो आणि तिने किंकाळी फोडली. बॅगेला अजून एक फेरी मारायची होती. मारू दिली. मग आणखी एक. विमानातले सगळे लोक निघून गेले, पट्ट्यावर आमची लाल बॅग आणि कुणाची तरी छत्री अशा दोघीच फिरत राहिल्या. आईने बाकावर बसून पाय चोळले. शेवटी पट्टाच थांबला म्हणून आम्ही निघालो.

तिथून टॅक्सी, वळणावळणाचा डोंगररस्ता. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागणं विरळा असतं, तो त्रास नंतर सुरू होतो. हेही मी वाचलेलं होतं आणि सगळ्यांना सांगितलंही होतं, त्यामुळे पिशवी हाताशी नव्हती. तिला रमवायला मी चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होतो. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानातला तोल सांगतो आपण हलतोय, आणि या दोघांचा मेळ बसला नाही की पोट ढवळतं. चिऊला काही झालं नाही. मला झालं. टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली, बायकोने पाणी दिलं, आणि चिऊ खिडकीतून बघत म्हणाली, "बाबा ओक्को." चार दिवस ही बातमी ती भेटेल त्याला देत होती.

समुद्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिला वाळू आवडली नाही. पायाला चिकटते. तिने दोन्ही पाय उचलून घेतले आणि आईच्या मांडीवरून समुद्राचं काही वेळ निरीक्षण केलं. मग हात पुढे करून म्हणाली, "बंद." घरी मिक्सर लावला की ती हेच म्हणते. बायकोने समजावलं की हा बंद होत नाही. ते तिला पटलं नाही, पण तिने तो विषय आमच्यावर सोडून दिला.

दीपगृह मला बघायचं होतं. मी तेवढ्यासाठी ते गाव निवडलं होतं. खोलीपासून ते जेमतेम एक किलोमीटर. पहिल्या सकाळी आम्ही दोघं, मी आणि चिऊ, निघालो. उचलून घेतलेलं तिला चालत नव्हतं, "मी मी" चालू होतं. ठीक आहे म्हटलं, तासभर लागेल.

मुलांच्या चालण्याचा अभ्यास करणाऱ्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने २०१२ साली, नुकत्या चालायला लागलेल्या, १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली होती. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. हा आकडा वाचल्यावर मला वाटलं होतं, एवढ्या पावलांत माणूस कुठल्या कुठे जाईल. पण त्याच गटाचं पुढचं निरीक्षण मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. ही मुलं बहुतेक वेळा कुठे पोहोचायला चालतच नाहीत. चालतात आणि मध्येच थांबतात, जिथे काहीही नसतं तिथे.

आम्ही थांबलो ते एका गटाराच्या जाळीपाशी. खोलीच्या दारापासून फार तर ऐंशी पावलांवर. लोखंडी जाळी, खाली अंधार, अंधारात पाण्याचा बारीक आवाज. चिऊ उकिडवी बसली. एक खडा टाकला. टुबुक. माझ्याकडे पाहिलं. दुसरा खडा. टुबुक. मग सुकलेलं पान, ते आवाजाशिवाय गेलं, तेव्हा तिने वाकून कान लावला. मग काडी आडवी, जी जाळीवरच अडकली. ती तिने उचलली, उभी केली, सोडली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी घड्याळ बघत होतो. ऊन चढत होतं. "चल, दिवा बघायला जाऊ, मोठ्ठा दिवा," असं मी चार-पाच वेळा म्हणालो. शेवटी उचलली तर तिने पाठीची कमान करून असा टाहो फोडला, की रस्त्यावरच्या माणसाने सायकल थांबवून मी तिचा कोण हे विचारलं. आम्ही जाळीपाशी परत आलो.

दुसऱ्या सकाळी जाळीपर्यंत दोन मिनिटांत पोहोचलो, कारण आता तिला कुठे जायचं ते माहीत होतं. मी खिशातून खडे आणले होते. हे मी बायकोला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं. आईने लगेच मीठ-साखरेचं पाणी करायला घेतलं. मी पिशवीतून ओआरएसचं पाकीट काढलं आणि अर्धा पेला पाण्यात ओतणार होतो, तेवढ्यात बायकोने हात धरला. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सबंध पाकीट घालायचं. पाणी कमी पडलं तर ते क्षारांचं पाणी उलट अपाय करतं. मग चमच्या-चमच्याने पाजत बसलो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते म्हणतात. त्या दिवशी तिने ती माझ्या खांद्यावर घेतली, मी उभा आणि ती आडवी. संध्याकाळी ती बरी दिसायला लागली, तसं मी बायकोला म्हटलं, "तुम्ही दोघी तरी जाऊन या."

आई आणि बायको दीपगृहावर जाऊन आल्या. आई वरपर्यंत चढली. गुडघ्यांची तक्रार करणारी आई. आल्यावर तिने पदराने मान पुसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी विचारलं, कसं होतं? "वारा फार," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, चिऊच्या कपड्यांच्या घड्या घालताना: "तू एवढा होतास ना, तेव्हा आम्ही कुठे म्हणून गेलो नाही. सगळे म्हणायचे, त्याला काय आठवणार." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घड्या घालू लागलो. मला त्या जमत नाहीत, तेव्हा आईने त्या उलगडून पुन्हा घातल्या.

त्या रात्री दिव्याचा झोत खिडकीतून आत येऊन भिंतीवरून सरकत होता. चिऊ जागीच होती. झोत आला की "आली", गेला की "गेली". हे सुमारे दीड तास चाललं. माझं दीपगृहदर्शन ते एवढंच.

परतीच्या विमानात ती बसल्या बसल्या झोपली. यावेळी मी उतरताना तिला उठवलं नाही. गालावरून हात फिरवत राहिलो, ती झोपेतच गिळत राहिली. बायको म्हणाली, "बघ." मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर फोटो पाहिले. समुद्राचे अकरा, दीपगृहाचे बायकोने काढलेले सहा, जाळीचा एकही नाही.

नऊ आठवडे झाले असतील. गरम कपडे काढायला मी माळ्यावरून लाल बॅग खाली घेतली आणि पलंगापाशी ठेवली. चिऊ आतल्या खोलीतून आली, बॅगेपाशी थबकली. "आली," ती म्हणाली. मी तिथेच स्टुलावर उभा. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग पलंगावरून खाली लोंबणाऱ्या चादरीकडे पाहिलं. बॅग ढकलून पाहिली, ती हलली नाही. मग स्वतःचा एक बूट आणला, चादरीची कड उचलली, बूट आत सारला आणि कड खाली सोडली. "गेली." पलंगाला वळसा घालून ती पलीकडच्या बाजूला गेली आणि चादरीसमोर उकिडवी बसून वाट बघायला लागली.

मी पोटावर झोपून पलंगाखाली हात घातला.