कोऱ्या नमुन्यातली गुलाबी झाक

वडोदऱ्यात आम्ही विश्वामित्री नदीच्या पाण्यातले नायट्राइट, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा एक आयन, रंगावरून मोजतो. गेला आठवडाभर दांडिया बाजारातल्या घरी परतायला मला रोज उशीर होत होता आणि त्याला कारण विश्वामित्रीचे पाणी नसून कोरा नमुना होता. ज्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक कुपीत, शुद्ध पाणी आणि अभिकर्मक यांखेरीज काहीही नव्हते, तिच्यामागे पांढरा कागद धरला की फिकट गुलाबी झाक स्पष्ट दिसत होती.

नायट्राइट मोजण्याच्या या रीतीचे मूळ रूप योहान पीटर ग्रीस यांनी १८७९ साली मांडले. आज वापरात असलेल्या रूपात, आम्लात नायट्राइटची सल्फानिलामाइडशी क्रिया होऊन डायझोनियम क्षार बनतो, आणि नंतर घातलेल्या नॅफ्थिल-इथिलीनडायअमाइनशी तो जोडला गेला की गुलाबी-जांभळा अ‍ॅझो रंग उमटतो. हा रंग ५४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो. नदीचे पाणी गढूळ असल्याने ते गाळावे लागते, आणि त्याचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी दुसरा अभिकर्मक न घालता एक वेगळी नळी ठेवावी लागते. मगरींमुळे आम्ही नमुना पुलावरून दोरी-बादलीने काढतो आणि त्याच दिवशी मोजतो, कारण ठेवलेल्या पाण्यात जिवाणू नायट्राइटचे प्रमाण बदलून टाकतात.

याच रीतीने रक्तातले नायट्राइटही मोजतात, पण रक्ताच्या नमुन्यात अडचणी अधिक. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातले, तर प्लाझ्मा (रक्तपेशी काढल्यावर उरणारा द्रव) अभिकर्मकांसोबत साका धरतो, म्हणून ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळ्या घ्याव्यात. रक्तपेशीही ताबडतोब वेगळ्या कराव्यात, कारण त्यांतले ऑक्सिहिमोग्लोबिन (ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन) नायट्राइटचे काही मिनिटांतच नायट्रेट करते. उपाशीपोटी प्लाझ्मातले नायट्राइट सहसा एका मायक्रोमोलरच्या खालीच असते, म्हणजे या रीतीच्या अगदी उंबरठ्यावर. तिथे हातमोजे, गाळणकागद, पिपेटची टोके यांतून आलेले नायट्राइटही मोजमापात मिसळते, आणि माझ्या मते कोऱ्या नमुन्याचे वाचन न देणारा अहवाल स्वीकारूच नये. आकडा नायट्राइटचा की नायट्राइट-नायट्रोजनचा (म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाचा), हेही लिहिलेच पाहिजे, दोहोंत ३.२८ पटींचा फरक पडतो.

आमच्या गुलाबी झाकेचे मूळ अखेर शुद्ध पाण्याच्या बाटलीत सापडले. ती दिवसभर उघडी, गॅसच्या बर्नरशेजारी ठेवलेली असे, आणि ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात विरघळत असत. आता पाणी रोज सकाळी ताजे भरतो, बाटलीवर वेळ लिहितो आणि बर्नर दुसऱ्या खोलीत पेटवतो. परवा तोच पांढरा कागद क्युव्हेटमागे धरला, तेव्हा तो पांढराच दिसला, आणि मग आम्ही नदीचे नमुने नव्याने काढून पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतले.