सहा महिन्यांपूर्वीचे वजन

माझ्या वडिलांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, असल्याचे निदान गेल्या सप्टेंबरमध्ये झाले. गाठीचा तुकडा काढणे, पेट स्कॅन, बोन मॅरो, विम्याची पूर्वपरवानगी ही सगळी कामे १८ दिवसांत उरकली आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आहार विभागाच्या खिडकीवर मिळणाऱ्या अर्जातील एका रकान्याविषयी, ज्याच्यापायी मी त्या रुग्णालयात आठवडाभर हेलपाटे घातले.

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘केमोआधी आहारतज्ज्ञांचा सल्ला’ असे लिहून दिले होते, कारण रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन २.९ आले होते आणि ते निदान ३.५ तरी असावे लागते. अर्जात उंची, आजचे वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन असे तीन रकाने होते. पहिले दोन भरले: १६८ सेंटिमीटर, ५९.५ किलो. तिसऱ्यात काय लिहायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. बाबा म्हणाले, “थोडे उतरले असेल, लिही काहीतरी.” मी अंदाजाने ६५ लिहिले, तर खिडकीवरच्या बाईंनी तो आकडा पेनाने खोडला आणि नोंदीचा कागद असल्याशिवाय हा रकाना धरत नाही, असे सांगितले. रकाना रिकामा राहिला की निर्णय केवळ बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने आजचे वजन किती यावर होतो. तो २१ भरला, म्हणजे ‘सामान्य’, आणि सामान्य माणसाला तीन आठवड्यांनंतरची तारीख. पहिली केमो तर सहा दिवसांवर आली होती.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. बाबांच्या घोट्यांवर बोट दाबले की खळगा पडत होता, म्हणजे त्या ५९.५ किलोमध्ये पाणीही मोजले जात होते. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवी भोके पाडली होती. हे सगळे मी खिडकीत वाकून सांगितले. “मॅडम, पट्ट्याचे भोक आम्ही कुठे नोंदवायचे?” असे उत्तर आले आणि मागच्या रांगेतला एक माणूस हसला. तो प्रश्न रास्त होता, हे आज मी कबूल करते. त्या दिवशी मात्र मला फार राग आला होता. चौथा दिवस रविवार होता.

त्या रविवारी घरातील सगळ्या फायली मी जमिनीवर पसरल्या. मार्चमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला फिटनेसचा कागद डोळ्यांच्या थेंबांच्या पावत्यांमध्ये दुमडून पडला होता आणि त्यावर वजन होते ६८ किलो. साडेआठ किलो, म्हणजे साडेबारा टक्के, सहा महिन्यांत गेले होते. आणि त्या काळात सोसायटीतली मंडळी चालण्याचा चांगला फायदा झाला म्हणून त्यांचे कौतुक करत होती.

सोमवारी तोच कागद लावल्यावर चित्र पालटले. आहारतज्ज्ञ कुपोषणाचा धोका जोखायला जी पद्धत वापरत होत्या तिला ‘मस्ट’ म्हणतात. तिच्यात बीएमआय २० च्या वर असेल तर शून्य गुण, पण तीन ते सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले असेल तर थेट २ गुण, आणि २ गुण म्हणजे जास्त धोका. दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. त्याहून मोठी गोष्ट डॉक्टरांकडे कळली: लिम्फोमाची अवस्था ठरवताना ताप, रात्रीचा दरदरून घाम आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजनघट यांना ‘बी लक्षणे’ म्हणतात, आणि बाबांच्या केसपेपरवर त्या जागी नुसते प्रश्नचिन्ह होते. ते त्यांनी माझ्यासमोर खोडले.

अल्ब्युमिन, वजन आणि आदर्श वजन यांवरून काढायचा ‘जीएनआरआय’ नावाचा एक निर्देशांक आहे. तो मी रात्री बसून काढला. ८३ आला, आणि ९२ च्या खाली आला की पोषणाचा धोका लक्षणीय मानतात. या प्रकारच्या लिम्फोमात ज्यांचा हा आकडा सुरुवातीलाच कमी असतो त्यांचे जगण्याचे प्रमाणही कमी दिसते, हे वाचून मला झोप लागली नाही. डॉक्टरांनी समजावले की अल्ब्युमिन केवळ कमी जेवल्याने उतरत नाही, आजारामुळे शरीरात पेटलेला दाहही ते खाली ओढतो. त्यामुळे हा आकडा धोका सांगतो, पण भरपूर भरवले की आयुष्य वाढेल असे वचन देत नाही. खाण्याचा नक्की उपयोग एवढाच की ताकद टिकते आणि केमो सोसता येते. हा आकडा घरी काढू नये, निदान रात्री तरी काढू नये.

आहारतज्ज्ञांनी रोज १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने सांगितली, पण तेथवर हळूहळू जायचे, कारण फार दिवस कमी जेवलेल्या माणसाला एकदम भरवले तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरू शकते. नीट उकडलेली अंडी, मुगाचे घट्ट वरण, घरी विरजलेले दही, भाकरीवर तूप. आत्याने गव्हांकुरांचा रस आणि ‘साखर पूर्ण बंद’ असा हुकूम फोनवरून पाठवला होता. आहारतज्ज्ञांनी रस थांबवला आणि शिऱ्याला परवानगी दिली. आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले: ओपीडीतल्या काट्यावर बाबांना चपला घालून आणि फाईल हातात धरून उभे करत असत. फाईल घरी मोजली, ती १ किलो १०० ग्रॅम भरली. चपला आणि फाईल काढून ठेवून वजन करवून घ्या आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहा. केमोसोबत देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या पाच दिवसांत आणि त्यानंतर लगेच वजन वाढलेले दिसले तर खूश होऊ नका, ते बहुधा पाणी असते. पुढच्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या फेरीच्या, आदल्या दिवसाचे वजन खरे धरा.

चौथ्या सायकलच्या आदल्या दिवशी घोटे कोरडे होते, अल्ब्युमिन ३.४ आणि वजन ६१.२ किलो. मोतीबिंदूच्या त्या कागदाच्या मी पाच झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, कारण दर नव्या अर्जावर तो रकाना अजूनही येतो.