पाळक घडवणाऱ्या शाळा

(शाळेच्या शताब्दी स्मरणिकेसाठी. माजी विद्यार्थिनी, दहावी १९८१. सध्या मुक्काम शिकागो.)

आपल्या शाळेत बायबलचा तास शुक्रवारी शेवटचा असायचा. पोरांचे कान घंटेकडे. तरी मास्तर मार्टिन ल्यूथरवर आले की वर्ग जागा व्हायचा. ३१ ऑक्टोबर १५१७, विटेनबर्गचं चर्च, ९५ मुद्दे. ते दारावर ठोकल्याचा अभिनय मास्तर डस्टरने टेबलावर करायचे आणि पहिल्या बाकावरची मुलं खडूच्या धुळीने पांढरी व्हायची. वर्गात ख्रिस्ती मुलं निम्मीसुद्धा नव्हती, पण पोपला उलट बोलणारा साधू सगळ्यांनाच आवडायचा.

खरं तर मास्तर ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथाचे, नव्हते, आम्हीही नव्हतो. नगरचं मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन, काँग्रिगेशनल पंथाचं. १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ पासून नगरात. १९७० नंतर आपण सगळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलो, आणि कोणाचा मूळ पंथ कुठला हे आजीलाच ठाऊक राहिलं. ल्यूथरन म्हणजे काय, ते मला लग्न होऊन शिकागोला आल्यावर कळलं. आमचं घर हाईड पार्कमध्ये. तिथे ५५व्या रस्त्यावर ल्यूथरन स्कूल ऑफ थिऑलॉजी, म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, तयार करणारी सेमिनरी. तिच्या इमारतीतल्या ग्रंथालयात मला पुस्तकं लावण्याचं काम मिळालं. शाळेच्या स्मरणिकेत दुसऱ्याच शाळेबद्दल काय लिहिते ही बाई, असं वाटेल. पण मास्तरांच्या तासाचा पुढचा भाग मी तिथे शिकले.

त्या ग्रंथालयाचं नाव जेसुइट-क्राउस-मॅकॉर्मिक. धर्मशिक्षणाच्या तीन शाळांची पुस्तकं एकत्र. त्यातली जेसुइटांची, म्हणजे एका कॅथलिक संघाची, शाळा शिकागोतून १९८१ सालीच बंद झाली होती, पाटीवर नाव मात्र राहिलं होतं. ल्यूथरन सेमिनरीची कुंडली तर आणखी गुंतागुंतीची. १९६२ साली चार लहान सेमिनऱ्या मिळून ती झाली. त्यातली ऑगस्टाना स्वीडिश लोकांची, ग्रँड व्ह्यू डॅनिशांची, मिशिगनच्या हॅनकॉक गावची सुओमी फिनिश खाणकामगारांची. मायदेश सोडून आलेल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन त्या काढलेल्या, कारण त्यांना आपल्या भाषेत प्रवचन करणारा, आपल्या भाषेत मूठमाती देणारा पाळक हवा होता. नातवंडं इंग्रजी बोलू लागली तशी वेगळ्या सेमिनरीची गरज सरली. एकत्र येणं तेव्हा प्रगतीचं वाटलं, आणि होतंही. पण १९६२च्या त्या समारंभांतच कुठेतरी ओहोटीची सुरुवात होती, असं आता मागे वळून पाहताना वाटतं. सुओमीचं कॉलेज पुढे फिनलंडिया विद्यापीठ झालं, तेही २०२३ साली बंद पडलं.

कपाटांत ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीच्या जुन्या प्रती होत्या. जर्मन, स्वीडिश, डॅनिश, फिनिश. आत शाईने मुलांची नावं आणि दृढीकरणाचं, म्हणजे मोठं होताना विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या विधीचं, साल. ही प्रश्नोत्तरी ल्यूथरने १५२९ साली लिहिली. आदल्या वर्षी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खेड्यांतल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावच्या चर्चची माणसं, पाहताना त्याच्या लक्षात आलं, की लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही आणि काही पाळकांचीही तीच गत. मग त्याने दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो त्याची कबुली), प्रार्थना असं एकेक प्रकरण घेतलं आणि प्रत्येकावर मथळा दिला, तो साधारण असा: घरच्या कर्त्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसं शिकवावं. मास्तरांनी ९५ मुद्दे सांगितले, हे सांगितलं नाही. मला विचाराल तर मोठं काम हेच. चर्चच्या दाराशी भांडण झालं, पण विश्वास पिढ्यान् पिढ्या चालला तो जेवणाच्या टेबलावरच्या पाठांतरावर.

माझ्याबरोबर नेब्रास्कातल्या शेतकरी घरातली एक वयस्क बाई काम करायची. तिच्या वडिलांनी सगळ्या भावंडांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली होती. धाकटा भाऊ जरा बरं वाचतो म्हणून गावच्या पाळकाने त्याला सेमिनरीत पाठवलं. तिने स्वतःच्या मुलांना रविवारी चर्चला नेलं, पाठांतर मात्र करून घेतलं नाही. नातवंडांना रविवारी सकाळी फुटबॉलची मॅच असते. हे ती कुरकुर न करता सांगायची, हवामान सांगावं तसं. गाव रिकामं झालं, मंडळीत पन्नासेक म्हातारी माणसं उरली, त्यांना पूर्णवेळ पाळकाचा पगार आणि आरोग्यविमा झेपेना. तिकडे पाळक व्हायचं तर पदवीनंतर आणखी चार वर्षं, त्यात एक वर्ष एखाद्या मंडळीत उमेदवारी, आणि शेवटी डोक्यावर कर्ज. कोण येणार? जे येत ते बहुतेक चाळिशीतले, आधी नर्स किंवा शिक्षक असलेले. ते आपापल्या गावी राहून ऑनलाइन शिकत, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या, आणि छपराच्या दुरुस्तीचं बिल तेवढंच.

आता भांडणाची गोष्ट, कारण ती मास्तरांना ऐकवायला हवी होती. सेंट लुइसची कॉनकॉर्डिया सेमिनरी ही मिसुरी सिनॉडची, म्हणजे कर्मठ ल्यूथरनांच्या चर्चसंघाची. सॅक्सनीतून आलेल्यांनी १८३९ साली लाकडी ओंडक्यांच्या खोपटात सुरू केलेली. १९७० च्या सुमारास तिथे वाद पेटला: आदाम-हव्वा, माशाने गिळलेला योना संदेष्टा हे सगळं अक्षरशः घडलं असं प्राध्यापकांनी शिकवायलाच हवं का? सिनॉडचे अध्यक्ष जे. ए. ओ. प्रूस म्हणाले, हवं. जानेवारी १९७४ मध्ये सेमिनरीचे प्रमुख जॉन टिटजेन निलंबित झाले. १९ फेब्रुवारीला पन्नासपैकी पंचेचाळीस प्राध्यापक आणि बहुसंख्य विद्यार्थी बाहेर पडले. आवारात पांढरे क्रूस रोवले आणि निघाले. त्यांनी ‘सेमिनेक्स’ काढली, वनवासातली सेमिनरी. १९८३ साली तिने सेंट लुइसमधला गाशा गुंडाळला तेव्हा तिचे बरेच प्राध्यापक शिकागोला आमच्या इमारतीत आले.

यावरून दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना टोमणे मारतात. कर्मठ म्हणतात, तुम्ही पवित्र शास्त्र सैल केलंत म्हणून चर्च ओस पडली. उदारमतवादी म्हणतात, तुम्ही विसाव्या शतकात सतरावं शतक शिकवत बसलात म्हणून तरुण पळाले. आकड्यांपुढे दोघांचंही खरं ठरत नाही. उदारमतवाद्यांची इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका १९८८ साली सुरू झाली तेव्हा सुमारे ५२ लाख सभासद होते, आता ३० लाखांच्या खाली. मिसुरी सिनॉड सत्तरच्या दशकात २७ लाखांच्या वर, आता २० लाखांच्या खाली. त्यांची सेंट लुइसची सेमिनरी उभी आहे, फोर्ट वेनचीही. पण कॉनकॉर्डिया नावाची त्यांची कॉलेजं एकामागून एक मिटली: सेल्मा २०१८, पोर्टलंड २०२०, ब्राँक्सव्हिल २०२१. योना माशाच्या पोटात होता की नव्हता, यावर कोणाची मुलं रविवारी उठतात ते ठरत नव्हतं. मी पुस्तकं लावणारी बाई, धर्मपंडित नाही. पण मला ते तसंच दिसलं.

२०१७ साली गेटिसबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या सेमिनऱ्या एक झाल्या. गेटिसबर्गची १८२६ सालची, तिच्या मनोऱ्यावरून अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल ब्यूफर्डने शत्रू न्याहाळला होता. आमची इमारत २०२२ साली शिकागो विद्यापीठाला विकली गेली आणि पुढच्या वर्षी सेमिनरी जवळच्या कॅथलिक शाळेच्या वास्तूत राहायला गेली. ल्यूथरचे वारस कॅथलिकांच्या घरात! मास्तर नक्की हसले असते. मला मात्र यात काही वाईट दिसलं नाही. दोन्ही घरांची भांडी आता एकाच ओट्यावर, एवढंच.

नगरच्या लोकांना आणखी एक सांगते. आपल्या मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ज्या अँडोव्हर सेमिनरीत शिकले, तीही राहिली नाही. तिचं पुढे न्यूटनच्या सेमिनरीशी एकत्रीकरण झालं आणि २०१७ साली तो परिसर सोडून ती येल विद्यापीठाला जोडली गेली. म्हणजे आपली शाळा ज्या मुळावर उगवली ते मूळ तिकडे दुसऱ्याच्या बागेत गेलं, आणि इथे आपण शताब्दीचा मांडव घालतोय.

सगळीकडे ओहोटीच आहे असं मात्र नाही. ग्रंथालयात इथिओपियाचा एक विद्यार्थी यायचा, मेकाने येसुस नावाच्या तिथल्या ल्यूथरन चर्चचा. १९५९ साली ते स्थापन झालं तेव्हा वीसेक हजार सभासद होते, आज एक कोटीच्या वर. एवढ्या लोकांना पाळक कुठून आणता, असं मी विचारलं. तो म्हणाला, आणत नाही, शेतकरी आणि शिक्षकच मंडळ्या चालवतात, पाळक बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाला येतो. मग मी त्याला नारायण वामन टिळकांबद्दल सांगितलं. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवणारा कवी, ज्याची भजनं आपण रोज सकाळी रांगेत उभं राहून म्हणत होतो, त्याने १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा.

त्याने विचारलं, मग त्या दरबारातली माणसं शिकवून तयार कोणी केली?

मी म्हटलं, टिळकांना वेळच मिळाला नाही. १९१९ साली ते गेले.